ठकीचं वजन

रसूलभाईंनी ताणकाट्याचा आकडा पिशवीच्या बंदांत अडकवला आणि पिशवी वर उचलली. पिशवीच्या तोंडातून ठकीनं मान बाहेर काढली, एक डोळा त्यांच्यावर रोखला आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा तो तसाच ठेवला.

"वैनी, हलवू नका तिला."

"मी कुठं हलवतेय? तीच हलतेय."

काटा थरथरला आणि थांबला. "एक किलो तीनशे. पिशवीचे पन्नास सोडा. म्हणजे साडेबाराशे." रसूलभाईंनी माझ्याकडं पाहिलं. "आक्का फलटणला गेल्या त्या दिवशी सोळाशे भरली होती. मीच केलं होतं वजन. काय, मोडीत काढायची का?"

ते भंगाराचं दुकान होतं, त्यामुळे विनोद जागेवर होता. पण मला हसू आलं नाही. कोंबडी वजन करायला भंगारवाल्याकडं न्यायची म्हणजे तशीही काही शोभेची गोष्ट नव्हती. किराणा दुकानदार माळकरी होता. त्यानं आपल्या तराजूच्या पारड्यात कोंबडी बसू द्यायला साफ नकार दिला होता.

ठकी माझ्या सासूबाईंची. गाव त्यांना आक्का म्हणायचं, मी आत्ती. काळीभोर, मानेवर पांढऱ्या ठिपक्यांची. आमच्या घरी एवढी एकच कोंबडी होती, आणि ती आत्तींच्या मागंमागं फिरायची. माण तालुक्यातल्या त्या गावात मी लग्न होऊन आले त्याला दीड वर्ष झालं होतं, आणि दीड वर्षात आत्तींनी माझ्या ताब्यात काही म्हणजे काही दिलं नव्हतं. वाईट वागायच्या असं नाही. पण डाळीचा डबा त्या काढून द्यायच्या, गूळ त्या फोडून द्यायच्या, पाहुण्याला चहा किती टाकायचा ते त्या सांगायच्या. मग माझ्या नणंदेचं, कमलवन्संचं, दुसरं बाळंतपण आलं आणि आत्ती दीड महिन्यासाठी फलटणला निघाल्या. जाताना ठकीचं वजन करून आणलं आणि ती माझ्या हातात दिली.

"बाकीचं घर आपलं आपण ऱ्हातंय," त्या म्हणाल्या. "हिला तेवढी संभाळ. सकाळी मूठभर जुंधळा, सांजच्याला मूठभर. जादा घालू नगंस, चरबी धरती अन् अंडं आखडती. सोळाशे हाय. सोळाशेच ऱ्हाऊ दे."

ही माझी परीक्षा होती, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. आणि तीन आठवड्यांत कोंबडी साडेतीनशे ग्रॅमनी उतरली होती. ठकी माझ्या हाताखाली मेली असती, तर त्या घरात पुन्हा माझ्या हाती साधी चाळणी आली नसती.

आता इथं माझ्याविषयी एक सांगायला हवं. मी लहान असताना आई गेली. बाबा रत्नागिरीला बंदरावर पहारेकरी. त्यांना भात आणि माशाचं कालवण येत होतं, ते मलाही आलं. त्यापलीकडं आमच्या घरात कुणाला काही येत नव्हतं. पुढचं सगळं मी माझी मी शिकले. शिवण शिकले, सायकल शिकले, फ्यूज घालायला शिकले. ज्वारीची भाकरीसुद्धा. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात शेजारच्या छबूकाकूंच्या खिडकीकडं बघत बघत शिकले. आमच्या ओट्यावरून त्यांची काठवट आणि थापणारे हात स्वच्छ दिसायचे. चूल भिंतीआड होती, पण थापता आलं की भाजायचं काय मोठं, असं म्हणून ते मी माझ्या डोक्यानं बसवलं. आच बारीक, वेळ भरपूर. पहिली भाकरी आत्तींच्या ताटात वाढून मी समोर उभी राहिले होते. त्यांनी तुकडा मोडला, तोंडात टाकला, बराच वेळ माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "झाक झालीया."

आत्तींनी त्या घरात माझी केलेली ती एकमेव स्तुती. नंतर मी जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा तेव्हा मिळालेली. त्यामुळे जे भाकरीत जमलं ते कोंबडीत का जमू नये, असं मला वाटलं यात नवल नाही.

ग्रामपंचायतीच्या वाचनालयातून मी कुक्कुटपालनाची एक पुस्तिका आणली. ती हजार पक्ष्यांच्या शेडसाठी लिहिलेली होती. दर हजार पक्ष्यांमागे औषध अमुक, पाण्याची भांडी तमुक. मी सगळ्याला हजारानं भागत बसले. आमच्या एकटीच्या वाट्याला भांड्याचा पन्नासावा भाग आणि बल्बचं नुसतं चांदणं आलं. पण लक्षणांचं पान उपयोगी होतं. मी एका जुन्या वहीत लिहायला लागले. ती वही अजून माझ्याकडं आहे.

"तुरा फिका. छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागतं. शिंका नाहीत. विष्ठा बरी. पंखांखाली उवा शोधल्या, नाहीत. अंडं बारा दिवसांत एकही नाही. दुपारी साडेबाराला मागच्या उंबऱ्यापाशी येऊन उभी राहते आणि आत टक लावून बघते. मान वाकडी करते. अर्धा तास हलत नाही. डोक्यावर परिणाम?"

त्या शेवटच्या लक्षणानं मी फार घाबरले होते. पुस्तिकेत मान वाकडी होण्याचा एक रोग होता, आणि त्याच्यापुढं कंसात फक्त "उपाय नाही" असं लिहिलं होतं.

ओवा दिला. लसूण ठेचून दिली. जंतांसाठी कडुनिंबाचा पाला वाटून दिला, तो तिनं माझ्या लुगड्यावर उडवला. राखेत लोळवली. मग छबूकाकू कुंपणावरून वाकल्या.

"सुगंधा, अगं तिला दृष्ट लागलीया. काळं पाखरू, ठिपक्याठिपक्याचं. कुणाचीबी नजर जाणार."

"काकू, कोंबडीला दृष्ट?"

"तुझ्या पुस्तकात नसंल. आण मीठ-मोहरी."

छबूकाकूंनी डालग्याभोवती तीनदा मूठ ओवाळली, पुटपुटल्या, आणि चुलीत टाकायला म्हणून वळल्या तोवर मुठीतली थोडी मोहरी सांडली. ठकी झडप घालून आली आणि दाणा न् दाणा टिपून मोकळी झाली. मग काकूंच्या मुठीकडं बघत राहिली.

"दृष्ट खाल्ली की गं हिनं," काकू म्हणाल्या. "असलं मी कवा बघितलं न्हाय. आता ती कुणाला लागायची?"

आज मला वाटतं, त्या क्षणी एखाद्या लहान पोरानंही ओळखलं असतं. पण मी रोग शोधत होते. मी वहीत लिहिलं : "मोहरी खाते. चव गेली असावी."

आमचे हे एसटीच्या डेपोत मेकॅनिक. ते शनिवारी पहाटेची पाळी करून आले, परसात माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि ठकीकडं एखादं बंद पडलेलं इंजिन बघावं तसं बघायला लागले.

"वाळली," ते म्हणाले.

"दिसतंय मला."

"छबूकाकूंचे आबा म्हणत होते, अजून वाळायच्या आत रस्सा करा."

"त्यांना सांगा, आधी माझा करा."

"मग एक काम करू. सोमवारच्या बाजारात असलीच काळी, ठिपक्याची बघतो. आई यायच्या आत आणून सोडू. कळायचं न्हाय तिला."

"तुमच्या आईला? ज्या दारावरून येणाऱ्या पाटीतलं वांगं कालचं का आजचं ते आवाजावरून सांगतात?"

ते विचारात पडले. "व्हय," म्हणाले. "कळंल." मग उठताना, "जेवायला भातच लाव. भाकरीचा कशाला तरास घेतीस."

आत्ती गेल्यापासून हे रोजचंच झालं होतं. मला त्यांचा हा समजूतदारपणा फार आवडायचा. एरवी भाकरी असली की ती ते आमटीत कुस्करायचे, वर ताट झाकायचे आणि पाच मिनिटं वाट बघायचे. मी ते घराण्याची रीत समजत असे. मी स्वतः भाकरीच्या वाटेला गेले नव्हते. माझ्यापुरती भाताची पातेली वेगळी असायची. भाताची सवय ती.

पाचव्या आठवड्यात ठकी साडेअकराशेवर आली. रसूलभाईंनी या वेळी विनोद केला नाही. मला ते जास्त लागलं. त्याच पिशवीतून मी तिला तशीच जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टर खरात म्हशींचे डॉक्टर. खांद्यापर्यंत हातमोजा घालून बसलेले. माझ्या आधी एक बैल होता, एक गाभण म्हैस होती, आणि मग कापडी पिशवी घेऊन मी.

"काय आहे?"

"कोंबडी."

"किती कोंबड्या?"

"ही एकच."

त्यांनी हातमोजा काढला. पण माणूस चांगला. त्यांनी ठकीची चोच उघडून बघितली, पंख पसरून बघितले, पोट दाबून बघितलं, गळ्याखालची दाण्याची पिशवी दोन बोटांत धरली. मी माझी वही पुढं केली. त्यांनी दोन पानं वाचली, आणि मिशीत काहीतरी झालं.

"'मोहरी खाते, चव गेली असावी,'" त्यांनी मोठ्यानं वाचलं. "बाई, हिला खायला काय घालता?"

"ज्वारी. सकाळी मूठभर, संध्याकाळी मूठभर."

"मूठ दाखवा."

मी मूठ दाखवली. ते माझ्या मुठीकडं बघत राहिले. "आणि उन्हाळ्यात परसात किडा ना पाला. आधी कोण घालायचं?"

"सासूबाई. त्याही मूठच घालायच्या. जादा घालायचं नाही असं सांगून गेल्यात."

"त्यांची मूठ दुप्पट धरू. तरी दोन मुठींवर कोंबडी सोळाशे भरत नाही, अशी गुबगुबीत तर नाहीच." त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "हिला रोग नाही. हिला उपास घडतोय. आधी हिला दिवसातून एकदा कुणीतरी पोटभर जेवायला वाढत होतं. ते कोण, ते तुम्ही शोधा. हे जनावरांच्या दवाखान्याचं काम नाही."

मी चिडले. वाटेत ठकीला म्हणाले, उपास घडतोय म्हणे, आमच्या घरात. तिनं पिशवीतून मान काढून रस्त्याकडेच्या टपरीवरची भजी बघितली.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला ती उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली. मान वाकडी, नजर आत. मी ओट्यापाशी होते. का कोण जाणे, मी जाऊन मागच्या उंबऱ्यात बसले, जिथं आत्ती जेवायला बसायच्या तिथं, परसाकडं तोंड करून. ठकी ताबडतोब दोन पावलं पुढं आली आणि माझ्या डाव्या गुडघ्याला लागून उभी राहिली. अगदी ठरल्या जागी. मी हात खाली सोडला. तिनं बोटांवर चोच मारून बघितली, रिकामी निघाली तसा माझ्याकडं डोळा लावला.

मान वाकडी करण्याचा रोग मला त्या क्षणी समजला. ती ताटात बघत होती.

आमच्याकडं रीत अशी की आत्तींना आधी वाढायचं. त्या ताट घेऊन मागच्या उंबऱ्यात जायच्या, वारा लागतो म्हणून. मी ओट्याकडं तोंड करून पुढची भाकरी थापत असायची. त्या ताट आणून ठेवायच्या ते धुतल्यासारखं साफ. दीड वर्षात मी त्यांना जेवताना एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांच्या मागून मी जेवायची, आणि तेव्हा त्या आडव्या झालेल्या असायच्या.

मी उठून एक भाकरी केली आणि ठकीपुढं कुस्करून टाकली. कुस्करायला जरा जोर लागला. तिनं मात्र अशी खाल्ली की शेजारची मांजर कुंपणावर बसून बघायला लागली. चार दिवस रोज एक भाकरी. चौथ्या दिवशी रसूलभाईंच्या काट्यावर ती बाराशे वीस होती.

"उतार पडला," ते म्हणाले. "काय दिलंत?"

"भाकरी."

"इतकंच?"

इतकंच. मी खुशीत घरी निघाले, आणि अर्ध्या वाटेत माझे पाय थांबले.

ठकीला सोळाशेवर ठेवायचं तर रोज दीड-पावणेदोन भाकरी लागत असणार. मी आत्तींना दोन वाढायची. मग दीड वर्ष आत्ती काय खात होत्या?

मला एकदम त्यांच्या बांगड्या आठवल्या. मी आले तेव्हा मनगटात घट्ट बसलेल्या, आणि फलटणला निघाल्या तेव्हा भांडं उचललं की कोपरापर्यंत सरकणाऱ्या. त्यांची तीन पोलकी मीच आत घेतली होती. शिवण नीट जमल्याचा मला केवढा आनंद झाला होता. दीड वर्ष माझ्या डोळ्यांसमोर माणूस उतरत होतं, आणि मी टाके मोजत होते. माझी आई अशीच गेली होती. जेवण जात नाही म्हणायची, आणि बाबा म्हणायचे, उन्हाळा आहे. वही काढून मी ठकीच्या पानाच्या मागं लिहिलं : "आत्ती. भूक नाही? गिळताना त्रास? कधीपासून?" पुढं लिहवेना.

यांना सांगितलं. ते म्हणाले, "आई आणि आजारी? छे." पण त्यांनी त्या दिवशी ताटातला भात पहिल्यांदाच टाकला.

पुढचे नऊ दिवस मी एसटी बघत काढले. आत्ती आल्या त्या दुपारच्या फलटण गाडीनं. मी थांब्यावर गेले होते. गाडीच्या पायरीवरून आधी एक गाठोडं उतरलं, मग आणखी एक, आणि मग आत्ती. मी बघतच राहिले. गाल वर आलेले. पोलक्याच्या बाह्या दंडात रुतलेल्या. बांगड्या मनगटात अशा घट्ट, की वाजतसुद्धा नव्हत्या.

"काय बघतीस?" त्या म्हणाल्या. "ठकी कशी हाय?"

"तेराशे."

त्यांनी गाठोडं माझ्याकडं दिलं.

घरी छबूकाकू आल्याच. "लेकीकडं जाऊन चांगलं अंग धरलं की, आक्का."

"कमळी ऐकती व्हय. रोज दोन-दोन, अडीच-अडीच भाकरी. बाळंतीण ती, अन् जेवले मी."

म्हणजे भूक होती. गिळताही येत होतं. कुठलाच आजार नव्हता. मी ओट्यापाशी उभी होते, पाठ त्यांच्याकडं, आणि माझ्या हातात नुकतीच तव्यावरून काढलेली भाकरी होती. मी तिच्याकडं बघितलं. मग ती बोटांनी वाजवली. वाजली.

त्या दुपारी मी आत्तींचं ताट वाढलं, दोन भाकऱ्या, वांग्याची भाजी, कांदा. त्या ताट घेऊन उंबऱ्यात गेल्या. ठकी परसातून धावत आली, इतकी की वाटेत एकदा घसरली. आणि मी आच बंद केली, तिसरी भाकरी माझ्या ताटात घेतली आणि आत्तींच्या समोर जाऊन बसले.

"तू जेवतीस?" त्या म्हणाल्या. "भात न्हाय लावलास?"

"आज भाकरी."

मी तुकडा मोडला. दोन्ही हातांनी मोडावा लागला. तोंडात टाकला आणि चावायला लागले. आत्ती बघत होत्या. ठकी बघत होती. तो घास तोंडात असताना मला बोलता आलंच नसतं. दाढेत एक कळ आली आणि कानापर्यंत गेली.

"कशी झालीया?" आत्तींनी विचारलं.

मी कसाबसा घास गिळला. पाणी प्यायले. "झाक," मी म्हणाले.

त्यांच्या पदराआडून एक आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. त्या हसत होत्या.

"आत्ती, दीड वर्ष?"

"आगं, पयल्या दिवशी तू समोर हुबी ऱ्हायलीस, हात पिठाचं, डोळं एवढं एवढं करून. आई न्हाय, कुणी शिकवलेलं न्हाय. म्हणून म्हणलं झाक. आता एकदा झाक म्हणल्यावर माघारी कसं घ्यायचं? वाटलं, चार दिसात करशील बरी. तू काय, रोज तस्सलीच केलीस. एकीसारखी एक."

"आणि तुम्ही उपाशी."

"उपाशी कशापायी? कांदा खायची, शेंगा खायची, मधली पापडी निघंल तेवढी खायची. बाकीचं ही खायची." त्यांनी ठकीकडं हनुवटी केली. "टाकून कशी द्यायची? तुला परसात दिसली असती."

मला रडू येत होतं आणि दाढ दुखत होती, त्यामुळे कशाचं काय ते कळत नव्हतं. आत्तींनी ताट खाली ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि ओट्यापाशी गेल्या. मी मागून गेले. त्यांनी काठवटीत पीठ घेतलं, मळलं, थापलं. इथपर्यंत मी करायची तसंच. मग आच मोठी केली, भाकरी तव्यावर टाकली, आणि ओंजळीत पाणी घेऊन वरून सगळ्या भाकरीला फिरवलं.

"हे पाणी कशाला?" मी विचारलं.

आत्तींचा ओला हात हवेतच राहिला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग खिडकीतून छबूकाकूंच्या घराकडं, मग त्यांची चूल झाकणाऱ्या भिंतीकडं. आणि काही न विचारता त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्या नुसतं "आगं बाई" म्हणाल्या आणि खाली बसल्या.

पुढच्या तीन भाकऱ्या मी केल्या, त्यांनी पाटावर बसून करवून घेतल्या. पहिली करपली. दुसरी फुगली आणि फाटली. तिसरी फुगली आणि तशीच राहिली. ती घेऊन आत्ती उंबऱ्यात जाऊन बसल्या. मोडल्यावर वाफ आली. त्यांनी ती सगळी खाल्ली, वांग्याच्या रश्शाला पुसून, शेवटच्या कडेपर्यंत. मी समोर बसून बघितलं. तेव्हापासून आम्ही दोघी एकदमच जेवायला बसलो, त्या असेपर्यंत.

जेवण झाल्यावर सवयीनं त्यांचा डावा हात गुडघ्याशी खाली गेला. रिकामाच गेला. ठकीनं बोटांवर चोच मारून बघितली, ताटात बघितलं.

"आज काय न्हाय गं ठके," आत्ती म्हणाल्या. "सून शिकली."

ठकीनं मान वाकडी केली आणि एक डोळा माझ्यावर रोखला. मी उठले, डब्यातून ज्वारीची चांगली ओंजळ भरून आणली आणि तिच्यापुढं ओतली. आत्तींनी बघितलं. जादा घालू नगंस, असं त्या म्हणाल्या नाहीत. डब्याचं झाकण माझ्या हातातच राहिलं होतं. तेही त्यांनी परत मागितलं नाही.